सात टप्पे आणि वर थोडं

आमच्याकडं अंतर टप्प्यात मोजतात.
सहा किलोमीटरचा एक टप्पा,
तसंच तिकीट, तशीच भांडणं.
जिंतूर ते परभणी मी अकरा वर्षं विकलं,
फुल, हाफ, पासवाली पोरं, पंच्याहत्तरीचे फुकटवाले,
पायाखाली मात्र कधी घेतलं नव्हतं.

डेपोच्या फळ्यावर डॉक्टरांच्या संघटनेचा कागद:
बेचाळीस किलोमीटर, एकशे पंच्याण्णव मीटर.
मी भागाकार केला. बरोबर सात टप्पे.
वरचे एकशे पंच्याण्णव
मशीनमध्ये कुठंच बसेनात.

मुनाफभाई म्हणाले, "द्वारकाबाई,
गाडी हाय की आपल्याकडं. कामून पळता?"
मी वेबिल भरत होते. भरतच राहिले.

बाईमाणसाला मुक्कामाची गाडी देत नाहीत.
मी मागून घेतली.
रात्री नऊला गाव, गाडी पाराला,
मुनाफभाई टपावर, मी अंगणवाडीत खिचडीच्या पातेल्यांशेजारी.
चारला कॅशबॅग त्यांच्या पोटावर ठेवायची
आणि पांदीनं सुटायचं.
ज्वारी पोटऱ्यात आलेली, काळ्या रानावर दव,
बुटाला एवढी माती की दोन्ही पाय परक्याचे.
कुत्री पहिल्या आठवड्यात मागं लागली,
दुसऱ्या आठवड्यात सोबत आली.
टमरेल घेऊन निघालेला एक म्हातारा थबकला:
"बाई, गाडी हुकली का?"

स्टेशन रोडवरचे बूट एक नंबर मोठे निघाले.
अंगठ्याचं नख आधी निळं, मग काळं, मग गेलं.
गुडघे तसे तयारीचे,
खड्ड्याखड्ड्याला डोलून शिकलेले.
सरळ जायला त्यांना दिवाळीपासून संक्रांत लागली.

जानेवारीतला रविवार, साडेपाच, जिंतूर.
छातीवर तीनशे आठ.
संभाजीनगरची पोरं मनगटाकडं बघत पळाली,
मी थांब्यांकडं.
बोरीला हॉटेलवाल्यानं कढई सोडून गूळ-शेंगदाणे दिले,
एक बाई डोक्यावरची पाटी तशीच धरून हसली,
"आगं, ही तर तिकीटवाली!"

झरी मागं पडली आणि माझं सगळं संपलं.
पोटऱ्या दगड.
तोंडात शिशाची चव.
मग मी मनात तिकिटं फाडू लागले.
परभणी एक. परभणी दोन.
सुट्टे द्या. पुढं सरका.
पुढं सरका, मधे लई जागा हाय,
सरका.

दहाची गाडी मागून आली.
हॉर्न ओळखीचा, खालच्या पट्टीतला.
मुनाफभाईंनी वेग माझ्याएवढा केला,
खिडक्याखिडक्यांतनं तोंडं,
बदलीवरच्या नव्या पोरानं दार उघडून धरलं,
"मॅडम, या. जागा आहे."

खरंच होती.
दारामागची माझी सीट.
अकरा वर्षांत ती मला रिकामी दिसली नव्हती,
कधी बाळंतीण, कधी कुणाची खताची पिशवी,
आज तिच्यावर नुसतं ऊन बसलेलं.

मी हात लांबवला.
पोराला वाटलं, दांडा धरते.
पत्र्यावर दोन थापा मारल्या.
डबल बेल.
मुनाफभाईंना ती बरोबर ऐकू गेली,
घंटी मी दिली
आणि गाडी माझ्याशिवाय गेली.

सातवा टप्पा स्टेडियमच्या फाटकाशी संपला.
पुढचं एकशे पंच्याण्णव मीटर कुठल्या गावाचं,
मला सांगता येणार नाही.
चुन्याची रेघ होती. माणसं होती.
कुणी काही मागत नव्हतं.
कमानीखाली पाण्याचा पाऊच धरून एक पोरगी ओरडली,
"मावशी, झालं! झालं, थांबा!"
मी आणखी थोडी गेले.

सोमवारी सहा वीसची ड्युटी.
घरच्या पायऱ्या उलट्या उतरले, भिंत धरून.
बोरीला एकानं पन्नासची नोट पुढं केली,
"परभणी."
तिकीट फाडताना
मी एकदा त्याच्या पायांकडं पाहिलं.